दीड फुटाचा रस्ता

सायकलवरून लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला आपल्याकडे तीन ठरलेल्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. पहिला, "एकटेच?" दुसरा, "पैज लागलीय का कुणाशी?" तिसरा तोंडाने विचारत नाहीत, तो नजरेत असतो: घरी सगळे ठीक आहे ना? भर पावसात निघालात तर हा तिसरा प्रश्न पहिल्या क्रमांकावर येतो. या प्रश्नांचा मला राग येत नाही. एका पिढीपूर्वी दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर, गिरणीतला कामगार आणि कॉलेजातला पोरगा अशी सगळी मंडळी सायकलवरच असत, तेव्हा कुणी कुणाला काही विचारत नसे. आता मोठा माणूस सायकलवर दिसला की तो एकतर फार गरजू असतो किंवा फार हौशी. मधला वर्ग मधल्या मधे नाहीसा झाला.

पण एक प्रश्न मला आजवर कुणीच विचारलेला नाही. तो असा, की तुम्ही रस्त्याच्या नेमक्या कुठल्या भागावरून जाता?

आजचा लेख या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा. रस्त्याचा मधला भाग मोटारींचा, ट्रकांचा, एसटीचा. त्याच्या कडेने एक पांढरी रेघ मारलेली असते. त्या रेघेच्या बाहेर डांबराचा किंवा काँक्रीटचा एक पट्टा उरतो, कुठे दोन फूट, कुठे फूटभर, सरासरीने दीड. त्याच्यापलीकडे वीतभर खाली पायरी, मग चिखल, मग गवतात लपलेला चर. या दीड फुटावर सायकलवाला असतो. तिथेच डोक्यावर भारा घेतलेली बाई असते, काठी टेकत बाजाराला निघालेले आजोबा असतात, दप्तरे घेतलेली पोरे असतात आणि शेपटी हलवत उभी असलेली म्हैसही असते. आपले सगळे पायी आणि पायंडलवरचे जग या दीड फुटावर दाटीवाटीने चाललेले आहे. कोरड्या दिवसात हे जाणवतही नाही. ते जाणवायला पाऊस लागतो.

मी कऱ्हाडचा. गेली काही वर्षे पावसाळ्यात एकदा तरी घाट उतरून समुद्रापर्यंत सायकलने जायचे, असा माझा नेम आहे. गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी पाटणहून गुहागरला निघालो. आदल्या रात्री पाटणला मावशीकडे मुक्काम होता. पहाटे पाचला ती चहा करायला उठली आणि पत्र्यावर वाजणाऱ्या पावसाकडे बघत म्हणाली, "अरे, कुत्रंसुद्धा बाहेर पडंना असल्या पावसात." मी म्हटले, कुत्र्याला गुहागरला काय काम? ती हसली नाही. तिने रात्रीच्या भाकरीत शेंगदाण्याची चटणी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि वर पुन्हा एक पिशवी बांधली. त्या दिवशी माझ्याजवळ शेवटपर्यंत कोरडी राहिलेली एकमेव वस्तू म्हणजे ती भाकरी.

पाटण ते गुहागर हे अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वरच आहे. देशावरून कोकणात उतरायचे म्हणजे सगळा उतारच, असे घरबसल्या वाटते. उतार असतो हे खरे, पण पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे समुद्राकडे तोंड करून निघालेल्या सायकलवाल्याच्या थेट छातीवर. पाटण सोडले आणि कोयनेच्या काठाकाठाने हेळवाककडे चाललो, तेव्हा सपाटीवरही पायंडल मारताना चढ चढल्यासारखे वाटत होते. पाऊस वरून पडत नव्हता, समोरून येत होता. चष्मा काढून खिशात टाकला. चष्म्याने धूसर आणि चष्म्याशिवायही धूसर, तर मग ओझे कशाला?

हा सगळा पट्टा पावसाच्या बाबतीत अजब आहे. कऱ्हाडला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा कोयनानगरला जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडून जातो. आमच्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका टँकरची वाट बघत असतो. मोटारीतून जाताना हा फरक काचेवरच्या वायपरच्या वेगाने कळतो. सायकलवर तो दर चार किलोमीटरला अंगावर कळतो. आधी बाही ओली होते, मग पाठ, मग बुटात पाणी शिरते. आणि एकदा सगळेच भिजले की एक प्रकारची मोकळीक मिळते, कारण भिजण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. थांबलात मात्र हुडहुडी भरते. म्हणून पावसात सायकलवाल्याने फार वेळ थांबू नये, हे एवढे एक शहाणपण मी अनुभवाने सांगू शकतो.

एकटाच का जातो, याचे उत्तरही इथेच देऊन टाकतो. दोघे असले की गप्पा होतात, एकमेकांची वाट बघितली जाते, कोण दमला याचा हिशेब चालतो. एकटा असलो की रस्त्याकडे लक्ष राहते. आणि पावसात रस्त्याकडे लक्ष द्यावे लागते म्हणजे किती द्यावे लागते! पांढरी रेघ ओली झाली की साबणासारखी होते, तिच्यावर चाक तिरपे पडू द्यायचे नाही. झाडाखालच्या कडेला शेवाळ धरलेले असते. पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी सरळच ओलांडायची. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की नुसतेच पाणी, हे पुढे गेलेल्या ट्रकच्या चाकावरून ओळखायचे. काटा आणि काच ओल्या टायरला चटकन कापतात, म्हणून पावसाळ्यात पंक्चरही जास्त. या सगळ्यातून वाचायचे तर कडेपासून हातभर आत यावे लागते. आणि हातभर आत आलो की मागून हॉर्न वाजतो.

या हॉर्नबद्दल माझे एक निरीक्षण आहे. ते कुणाला पक्षपाती वाटेल, तर वाटो. माल भरलेले ट्रकवाले आणि एसटीचे चालक सायकलवाल्याला सर्वांत चांगले वागवतात. ते मागे थांबतात, समोरून गाडी नाही हे बघतात आणि पुरेसे अंतर ठेवून पुढे जातात. त्यांना रोज याच रस्त्यावर यायचे असते. कडेला कोण असते, हे त्यांना ठाऊक असते. आठवड्याच्या सुटीला धबधबे बघायला निघालेल्या मोटारी मात्र अंगावर पाणी उडवत, कोपराला चाटून जातात. त्यातल्या माणसांना मी दुष्ट म्हणणार नाही. काच वर, गाणी चालू, आत थंडगार. त्यांच्या लेखी रस्त्याला कडा नसतेच, फक्त रुंदी असते.

कुंभार्ली घाटाला देशाकडून फारसा चढ नाही. खरा घाट पलीकडे, कोकणात उतरणारा. घाटमाथ्यावर आठच्या सुमाराला पोचलो. तिथल्या टपरीत चुलीपुढे सायकल टेकवून दोन चहा आणि एक प्लेट भजी घेतली. टपरीवाल्या बाईने नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, आणि एकटाच आहे म्हटल्यावर वर एक भजे जादा घातले. समोर धुके इतके दाट होते की रस्ता दहा पावलांवर संपल्यासारखा दिसत होता.

आणि मग उतार. उतारावर सायकलवाल्याला मजा येते, हे कोरड्या दिवसाचे. माझ्या सायकलचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, रिमला रबर घासणारे. रिम ओली असली की चाकाचा पहिला एक-दोन वेढा नुसते पाणी पुसण्यात जातो, मग कुठे रबर धरते. म्हणजे थांबायचे असेल त्याच्या बरेच आधी थांबायला सुरुवात करायची. सगळा घाट मी दोन्ही मुठी आवळून, ब्रेक थोडा दाबायचा, थोडा सोडायचा, असे करत उतरलो. बोटे बधिर झाली. डाव्या हाताला डोंगराची भिंत आणि तिच्यावरून पडणारे पाणी, उजवीकडे धुके आणि त्यात कुठेतरी दरी.

त्या उतारावर एक गोष्ट सारखी मनात येत होती. मी उतरत होतो त्याच डोंगराच्या पोटातून कोयनेचे पाणीही उतरत होते. ही नदी खरे तर आमच्या गावाची. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते आणि तिथून बंगालच्या उपसागराकडे जाते. पण धरणाच्या जलाशयातले पाणी 1960च्या दशकापासून बोगद्यातून पश्चिमेला वळवले, पोफळीला जमिनीखालच्या वीजघरात पाडले आणि मग वाशिष्ठीत सोडले. कोयनेची वीजघरे मिळून 1960 मेगावॉटची आहेत. डोंगर फोडला, 1999 साली जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडण्याची किमया केली, 1967च्या 11 डिसेंबरच्या पहाटेचा भूकंपही या खोऱ्याने सोसला. एवढे सगळे ज्यांना जमते, त्यांना रस्त्याच्या कडेला चांगला पट्टा जमत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. जमत नाही असे नाही. तो कुणाच्या डोळ्यांपुढेच नसतो.

कागदावर तो आहे, हेही सांगितले पाहिजे. दुपदरी महामार्गाचे आपल्या देशातले मानक असे, की सात मीटरचा मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा पक्का पट्टा. दीड मीटर! म्हणजे जवळजवळ पाच फूट. या पाच फुटांत सायकल, भारा घेतलेली बाई आणि आजोबा एकमेकांची विचारपूस करत जाऊ शकतील. घाटात डोंगर कापायचा म्हणून तो कमी झाला, तर समजू शकते. पण सपाटीवरही अनेक ठिकाणी पाचाचा दीड होतो. उरलेल्यात माती, खडी, पाट्यांचे खांब आणि रानमोडी. शिवाय रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो आणि कडेची माती आहे तिथेच राहते, त्यामुळे पायरी उंच होत जाते. पूर्वी बांधकाम खात्याचे मैलकुली असत. आपल्या मैलात ते चर मोकळे करीत, झुडपे तोडीत आणि पावसाळ्याआधी बाजूपट्टीला मुरूम घालून ती रस्त्याला सारखी करीत. फार थोर काम नव्हे, फावडे आणि घमेले एवढीच त्याची यंत्रसामग्री. पण कडेने जाणाऱ्याचा पाय त्या घमेल्याने वाचत असे.

घाट उतरलो, शिरगाव, खेर्डी मागे पडली आणि दहाच्या आत चिपळुणात पोचलो. 22 जुलै 2021ला ही सगळी बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. त्या दिवशीही पाऊस जरा वाढला की दुकानदार दारात येऊन रस्त्यावरच्या पाण्याकडे बघत होते. ब्रेकची रबरे घाटाने खाल्ली होती. ती बदलायला एक सायकलचे दुकान शोधले. सत्तरीच्या पुढचे मालक खुर्ची टाकून बसले होते. रबरे बदलता बदलता म्हणाले, "आमच्याकडे वीस सायकली भाड्याच्या होत्या. तासावर द्यायचो. आता भाड्याने कोण घेतो? शाळेची पोरं आहेत म्हणून दुकान उघडतो." मजुरीचे पैसे घेतले नाहीत, रबरांचे तेवढे घेतले.

शाळेची पोरे आहेत म्हणून. हे वाक्य मी पुढे बराच वेळ घोळवत होतो. 2011च्या जनगणनेत देशातल्या 100 घरांपैकी सुमारे 45 घरांत सायकल होती. मोटार 5 घरांतही नव्हती. त्यानंतर मोटरसायकली वाढल्या, हे उघड आहे. 2020 साली 3 जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, ॲटलासचा शेवटचा कारखाना बंद पडला, तेव्हा आमच्या पिढीतल्या अनेकांना घरातले कुणी गेल्यासारखे वाटले. पण शाळेची मुले, विशेषतः मुली, आजही सायकलवर आहेत. बिहारने 2006 साली मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली द्यायला सुरुवात केली आणि मुली शाळेत टिकू लागल्या. आपल्या राज्यातही मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली दिल्या जातात. सायकल देण्याच्या समारंभाचे फोटो छान येतात. ती सायकल चालवायची कुठे, याचा फोटो कुणी काढत नाही.

चिपळूणहून गुहागरचा रस्ता नकाशावर सरळ वाटतो. प्रत्यक्षात तो सतत चढतो आणि उतरतो. एक पऱ्ह्या ओलांडायचा की एक चढ, माथ्यावर जांभ्याचा उघडा सडा, तिथे वाऱ्याचा तडाखा, की पुन्हा उतार. सड्यावर वाऱ्याने दोनदा सायकल ढकलून रस्त्याच्या मधे नेली. तिथे मी उतरलो आणि चालत गेलो.

रामपूरच्या अलीकडे शनिवारची सकाळची शाळा सुटलेली होती. पाच मुली सायकलवरून ओळीने चालल्या होत्या. आठवी-नववीतल्या असतील. दप्तरावर प्लॅस्टिक, डोक्यावर प्लॅस्टिक, एकीच्या हातात छत्रीसुद्धा! त्यांच्या मागे मी. तेवढ्यात वळणावर मागून एक मोटार लांब हॉर्न देत आली. समोरून टेंपो येत होता. मोटारीने वेग कमी केला नाही, बाजूला सरकली. ती ज्या बाजूला सरकली तिथे आम्ही सहा जण होतो. ओळीतल्या शेवटच्या मुलीचे चाक काँक्रीटच्या पायरीवरून खाली गेले आणि ती सायकलसकट चरात पडली.

मोटार थांबली नाही. टेंपोवाला थांबला. आम्ही दोघांनी तिला वर घेतले. गुडघा आणि तळहात सोलवटले होते, बाकी ठीक होते. सायकलचे हँडल फिरले होते, ते मी चाक पायांत धरून सरळ केले. ती रडत नव्हती. चरात पडलेली भूगोलाची वही फ्रॉकला पुसत होती. मी विचारले, फार लागले का? तर म्हणाली, "नाय काका. दर पावसात पडतो आम्ही इथं. ती पण पडली होती, आणि ही पण." आणि मग जरा हळू आवाजात, "घरी सांगू नका हां. सायकल बंद करतील."

सायकल बंद म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होते. गाव चार किलोमीटर आत. शाळेच्या वेळेला एसटी नाही. घरचे म्हणणार, पुरे झाले. त्यांचेही काय चुकले? कुठल्या आईबापाला अशा कडेवर पोरीला रोज सोडवेल? दहावीच्या आधी शाळा सुटलेल्या मुलींची कारणे आपण गरिबीत शोधतो, रूढीत शोधतो, आणि ती तिथे असतातही. पण काही कारणे वीतभर उंचीची असतात आणि ती फावड्याने दूर होतात, हे कुणी लिहीत नाही.

आता यावर नेहमीचा युक्तिवाद येईल. असल्या पावसात तुम्हाला सायकलवर बसायला सांगितले कुणी? मला कुणीच सांगितले नव्हते. मी हौसेने गेलो होतो आणि घरी बसलो असतो तरी चालले असते. पण त्या पाच मुलींनी पाऊस निवडला नव्हता, त्यांनी शाळा निवडली होती. दुसरा युक्तिवाद, रस्त्याचा कर आम्ही भरतो. अहो, एके काळी नगरपालिका सायकलचाही कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसला, दिवा नसला की कोपऱ्यावरचा पोलिस चाकातली हवा सोडायचा. तेव्हाही सायकलवाल्याला वेगळा रस्ता कुणी दिला नव्हता. मी तो मागतही नाही. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, ती योग्यच आहे. शहरात रंगीत फरशा घालून सायकलमार्ग केले जातात, फीत कापली जाते, आणि महिन्याभरात तिथे मोटारी लागतात, पाणीपुरीच्या गाड्या उभ्या राहतात. तसले काही नको. जो दीड मीटर कागदावर आधीच आहे तो जमिनीवर असावा, रस्त्याच्या पातळीत असावा, आणि शाळेच्या दोन्ही अंगांना तरी पावसाळ्याआधी कुणीतरी फावडे घेऊन तिथून फिरावे. ठेकेदाराचे बिल काढण्यापूर्वी साहेबांनी त्या पट्ट्यावरून किलोमीटरभर सायकल चालवावी, अशी अट घातली तर उत्तमच. पावसात, अर्थात.

मुलींबरोबर मी त्यांच्या फाट्यापर्यंत गेलो. पडलेली मुलगी सगळ्यांत पुढे होती. पुढे मार्गताम्हाने, शृंगारतळी, आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला गुहागर. समुद्र गढूळ, फेसाळ, वाळूवर चिटपाखरू नव्हते. नारळी पौर्णिमा अजून व्हायची होती, आणि त्या लाटांत होडी घालण्याचा विचार कुणाच्या मनात आला नसता. सुरूच्या झाडाखाली बसून मावशीची भाकरी खाल्ली. खाणावळीतल्या वहिनींनी कपडे वाळायला चुलीजवळ टांगले आणि अर्थातच विचारले, "एकटेच?"

सोमवारी परत येताना सायकल एका ओळखीच्या टेंपोत टाकली. पुढे ड्रायव्हरशेजारी बसून काचेतून बघत होतो. वरून ती पायरी दिसत नाही, पट्टाही दिसत नाही, रस्ता चांगला रुंद दिसतो. रामपूरच्या त्या वळणावर मी त्याला हळू घ्यायला सांगितले. ज्या जागी ती मुलगी पडली होती, तिथे कुणीतरी जांभ्याचा चुरा आणून टाकला होता, चार-पाच घमेली असेल, आणि पायाने दाबून रस्त्याच्या बरोबरीला आणला होता. शाळेच्या शिपायाने, कुणाच्या वडिलांनी, की त्या टेंपोवाल्याने, ते कळायला मार्ग नव्हता. पाऊस चालूच होता, आणि कडेचा चुरा हळूहळू चरात उतरायला लागला होता.